शिंबा हिल्समधील महाकाय वाणी: शरीररचना आणि ओळख

आफ्रिकेतील महाकाय वाणी (अनेक पायांचा किडा, मिलिपीड), म्हणजे आर्किस्पायरोस्ट्रेप्टस गिगास, त्याच्या स्वतःच्या जंगलात पाहावा या एकाच हेतूने आम्ही एप्रिलच्या अखेरीस केनियातील शिंबा हिल्स राखीव क्षेत्रात गेलो. मोंबासाहून लिकोनीची फेरीबोट पकडून क्वालेच्या दिशेने गेले की हे क्षेत्र लागते. एप्रिल-मे हा तिथल्या मोठ्या पावसाचा काळ असतो आणि पाऊस थांबल्यावर कुजक्या पाचोळ्यातून वाणी वर येतात. इथे हत्ती असल्यामुळे पायी फिरताना वनरक्षक सोबत हवाच.

जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पीटर्स यांनी 1855 मध्ये वर्णन केलेली ही जात मोझांबिकपासून केनियापर्यंत प्रामुख्याने सखल भागात आढळते. लांबी 30 सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकते, परंतु केवळ आकारावरून किंवा रंगावरून निष्कर्ष काढू नये, कारण पिल्ले लहान असतात आणि याच किनाऱ्यावर इतरही मोठे काळे वाणी राहतात. पायांची संख्याही उपयोगाची नाही. कात टाकताना शरीराची कडी आणि पाय वाढत जातात.

आधी चेहरा पाहावा. स्पायरोबोलिडा गणातील वाण्यांच्या, उदाहरणार्थ लाल पायांच्या एपिबोलस पुल्क्रिपेसच्या, चेहऱ्यावर मधोमध उभी शिवण असते. स्पायरोस्ट्रेप्टिडा गणातील गिगासला ती नसते. त्यानंतर खालची बाजू तपासावी. डोक्यामागचे पहिले कडे बिनपायाचे, पुढच्या काही कड्यांवर पायांची एकेकच जोडी आणि त्यानंतर प्रत्येक कड्यावर दोन जोड्या असतात. पूर्ण वाढलेल्या नराच्या सातव्या कड्याखाली मात्र चालण्याचे पाय दिसत नाहीत, कारण तिथल्या पायांचे रूपांतर होऊन बनलेले प्रजननअवयव, म्हणजे गोनोपॉड, आत दडलेले असतात. जातीची खात्री शेवटी त्यांच्याच रचनेवरून होते. त्यामुळे मादीचे छायाचित्र कितीही सुरेख असले तरी त्यावरून जात ठामपणे सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खालची बाजू टिपण्यासाठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी न्यावी आणि वाण्याला तिच्यावरून आपल्या गतीने चालू द्यावे. वेटोळे घातलेल्या प्राण्याला बळाने उलगडू नये. त्याच्या बाजूच्या छिद्रांतून स्रवणाऱ्या द्रवात बेंझोक्विनोन ही दाहक रसायने असतात. त्यांनी त्वचेवर तपकिरी डाग पडतात आणि डोळ्यांची तीव्र आग होते, म्हणून हाताळल्यास हात साबणाने धुवावेत. पायांमधून फिरणारे बारीक माइट (गोचिडीसारखे सूक्ष्म जीव) पाहून तो आजारी आहे असे समजू नये. ते त्याच्या अंगावर नेहमीच आढळतात.

भारतातून जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी, कारण परतताना तिचे प्रमाणपत्र मागितले जाते. किनाऱ्यावर मलेरिया असल्याने त्याच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयीही डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावे.