मोरजीला काळोख मिळेना

सावंतवाडीहून बांदा, पत्रादेवी करत गोव्यात पेडण्याला मावशीकडे गेले होते. चार दिवस होते, तीन लग्नघरात गेले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला मावसभावाने उठवलं, चल मोरजीला, टेंबावर काल संध्याकाळी एका खड्ड्याची वाळू खचलीये, आज कासवाची पिल्लं निघणार.

शापोरा नदी समुद्राला मिळते त्या टोकाला वनखात्याने दोरी आणि जाळी लावून थोडी जागा राखलीये. आत प्रत्येक खड्ड्यावर पाटी, अंडी कधी घातली, किती होती. राखणीला गावातलेच एक पन्नाशीचे काका. मला वाटायचं फॉरेस्टचं काम म्हणजे जंगलात. पण हे काका नोव्हेंबरपासून रात्रभर किनाऱ्यावर फिरतात, ट्रॅक्टरच्या टायरसारखा माग दिसला की खड्डा शोधतात आणि भरतीचं पाणी तिथवर येणार असेल तर काही तासांच्या आत ती शंभर-सव्वाशे अंडी उचलून इथे आणून पुरतात. तेही एकसुद्धा अंडं न फिरवता, वरची बाजू वरच, नाहीतर आतला जीव मरतो. मग 45 ते 60 दिवस कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखण. "लहानपणी हीच अंडी आम्ही खाल्ली हो ताई, बाजारात विकायलाही यायची," काका म्हणाले. आता ही ऑलिव्ह रिडले जातीची कासवं 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहेत आणि तेच काका त्यांच्यासाठी जागतात, हे ऐकून मला खरंच भरून आलं.

सव्वापाचच्या सुमारास वाळू हलली. आधी एक काळं नाक, मग एकदम दहा-बारा, मग मोजताच येईना. मी हात पुढे केला तर काकांनी अडवलं, उचलायचं नाही, वाळूवरून त्यांना त्यांचं चालू दे, यातल्या माद्या मोठ्या झाल्या की अंडी घालायला याच भागात परत येतात.

आणि मग जे झालं त्यासाठी हे सगळं लिहायला बसलेय. जाळी उघडली आणि निम्मी पिल्लं समुद्राकडे पाठ करून उलटी चालायला लागली! पिल्लू जिकडे जास्त उजेड तिकडे जातं, काळोख्या किनाऱ्यावर तो उजेड पाण्यावरचा असतो. पण आमच्या मागे एका रेस्टॉरंटचे पांढरे फ्लडलाइट पहाटेपर्यंत चालू, तिथे एकही गिऱ्हाईक नाही. काका धावत जाऊन त्या बाजूला गोणपाट धरून उभे राहिले, ते पुरेना, मग भावाने गाडीतली चादर आणली, मी ओढणी सोडली आणि आम्ही तिघं हात ताणून उजेड अडवत उभे राहिलो, वीस मिनिटं तरी, खांदे भरून आले पण हात खाली घ्यायची हिंमत होत नव्हती कारण पायाशी पिल्लं हळूहळू वळत होती.

मी काकांना विचारलं, तुम्ही लाइट बंद करायला सांगत नाही का? म्हणाले, सांगतो, दोन दिवस बंद ठेवतात, दोरीच्या आत माझं चालतं, बाहेर कोण ऐकतो. मला हे पटतच नाही. 2011 च्या सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांच्या नियमांच्या अधिसूचनेत मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग ही कासवांच्या विणीची ठिकाणं म्हणून नावानिशी आहेत, विणीच्या जागेत कुठलंही विकासकाम नको असंही त्यात लिहिलंय. मग एवढ्या मोठ्या सरकारातून त्या दिव्यांचं बटण बंद करायला माणूस का मिळू नये? खातं आपलं काम करतंय, मी डोळ्यांनी पाहिलं, पण त्याचा हात दोरीपाशीच संपत असेल तर तो लांब करायला हवा, आणि लवकर.

शेवटचं पिल्लू लाटेत गेलं तेव्हा फटफटलं होतं. काकांनी वहीत आकडा लिहिला, 91. मग पुढच्या खड्ड्याची पाटी वाचली आणि म्हणाले, हा गुरुवारी निघेल, चादर ठेवून जाल का?

ठेवून आलो. ओढणीपण.