उजनीचं बेट होडीतूनच बघा

"बेटावर उतरा, रोहित अगदी हाताशी दिसतात," असं सांगून होडीवाले उजनी धरणाच्या पाण्यातल्या बेटावर नेतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. साफ थाप! रोहित कोरड्या बेटावर कशाला येईल? तो उथळ पाण्यात चोच उलटी घालून चरतो, आणि आपण जवळ सरकलो की अख्खा थवा पुढं सरकतो.

सोलापूरकरांनी भिगवणचा नाद सोडून करमाळ्याच्या बाजूनं जावं. टेंभुर्णीपर्यंत हायवे, पुढं जेऊर, मग कुगाव. उसाच्या ट्रॉल्या सोडल्या तर रस्त्याचा त्रास नाही.

खरी गंमत होडी टेकल्यावर. बेट समोरच, मधे गाळ. वरून वाळून तडकलेला, त्यामुळे फसायला होतं. पाय दिला की गुडघ्यापर्यंत आत. एक पाय उपसावा तर दुसरा रुततो. त्यात वेड्या बाभळीचे काटे. पुण्याकडचं सांडपाणी भीमेतून इथंच येतं, पोटऱ्यांना जी खाज सुटली ती रात्रभर. गमबूट नकोत, गाळ ते ओढून घेतो. नाडीचे जुने बूट घाला.

वर चढल्यावर मात्र शीण विसरलो. नदी सुरय, म्हणजे रिव्हर टर्न पक्षी! खडीत नुसता खळगा, त्यात खडीच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. पुढचं पाऊल त्यावरच पडत होतं. वरून सुरय डोक्यावर झेपा घेत होते. पक्षी उठला की अंडी उन्हात भाजतात, म्हणून सांगतो, मार्च ते मे बेटावर पाय ठेवू नका. दुर्बिणीनं होडीतून सगळं दिसतं, गाळही वाचतो.

माणशी 200 ठरले होते. परतताना "थांबायचे" म्हणून 500 वेगळे मागितले, तेही मधल्या पाण्यात. जाणं, येणं, थांबणं धरून किती, हे काठावर चारचौघांत बोलून घ्या. लाइफ जॅकेट नसेल तर बसूच नका. 21 मे 2024 ला याच कुगाव-कळाशी पट्ट्यात वादळात होडी उलटून सहा जण गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर वाऱ्याचा भरवसा नाही. सकाळी दहाच्या आत परत काठावर या.

निघण्याआधी पेपरात उजनीच्या पाणीसाठ्याची टक्केवारी बघा. धरण भरलेलं असेल तर गाळ उघडा पडत नाही, रोहित उशिरा येतात. आणि मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठा संपून शून्याखाली गेलं की काही बेटं काठाला जोडली जातात, कुत्री चालत जाऊन अंडी फस्त करतात. अशा वर्षी सुरय बघायचे तर मार्चमध्येच, होडीतूनच उरका.