मळणी यंत्राला दहा एचपीची मोटर बसवली: माझा अनुभव

ट्रॅक्टरवाल्याची पाळी यायची वाट बघत दोन वर्षं माझी सोयाबीनची गंजी पावसात भिजली. शेंगांतच कोंब फुटलेले बघितले आणि ठरवलं, यंदा मळणी विजेवर. आमचं रान औसा तालुक्यात. विहिरीवर थ्री फेज आहे, पण मंजूर लोड 5 एचपीचा. वाढीव लोडचा अर्ज केला, कोटेशनचे पैसे भरले, टेस्ट रिपोर्ट जोडला. त्यात सव्वा महिना गेला. म्हणून सांगतो, पेरणी आटोपली की लगेच अर्ज टाका.

मोटर 10 एचपीची, मिनिटाला 1440 फेऱ्यांची. पहिल्या दिवशी बटण दाबलं तर नुसती घुमली. पॅनेलवरचा व्होल्टेजचा काटा 410 वरून 320 वर आला. मी मोटरलाच दोष देत बसलो. वाइंडिंग करणाऱ्या मामांनी केबल चिमटीत धरली. "अरे, 4 एमएमची ॲल्युमिनियम, तीही 300 फूट! उठताना मोटर सहापट करंट ओढते, तो यातून येणार कसा?"

16 एमएमची केबल टाकली आणि स्टार-डेल्टा स्टार्टर बसवला. तो मोटर आधी कमी दाबाच्या 'स्टार' जोडणीत उठवतो, मग पूर्ण दाबाच्या 'डेल्टा'त नेतो. स्टारमध्ये लाईनवरचा करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो, पण मोटरचा जोरही तेवढाच उरतो. त्यामुळे ड्रम रिकामा असतानाच चालू करायचं आणि डेल्टात गेल्यावरच पेंढी टाकायची. यंत्र उलटं फिरू लागलं तेव्हा दोन फेजच्या वायरी अदलाबदल केल्या, झालं.

खरा धसका पुढेच बसला. चाळणीखालून मूठभर दाणे घेतले तर निम्म्याची डाळ झालेली! मोटरला 6 इंची पुली, ड्रमला 12 इंची, म्हणजे ड्रमच्या 720 फेऱ्या. सोयाबीनला 400 ते 500 पुरतात. 4 इंची पुली लावली, फेऱ्या 480 वर आल्या. पुढची मूठ अख्खी, पिवळीधम्मक निघाली. यातलंच बियाणं ठेवायचं होतं, त्यामुळे जिवात जीव आला.

फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एखादा फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण, मात्र टाळू नका. तिसऱ्या दिवशी डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) एक डीओ, म्हणजे फ्यूज, उडाला आणि मोटर आपोआप बंद पडली. प्रिव्हेंटर नसता तर दोन फेजवर चालून वाइंडिंग जळालं असतं.

पोती धरायला आई येणार होती. पट्ट्यावर जाळीचं झाकण बसेपर्यंत तिला यंत्राजवळ फिरकू दिलं नाही.