बरक्या फणसाचं टेबल

३ जून २०२०. दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं, आणि खाडीपलीकडे आमच्या केळशीतही काही शिल्लक ठेवलं नाही. मी पुण्यात होते. सकाळी बाबांशी बोलणं झालं होतं, "वारा वाढलाय, दारं लावून बसतो" एवढंच. मग पुढचे कितीतरी दिवस फोन नाही, वीज नाही. महिनाअखेरीस लॉकडाउनचा ई-पास काढून पोहोचले, तेव्हा वाडीत शिरताना वाटच ओळखू येईना. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकावर एक पडल्या होत्या. आणि मागीलदारचा फणस मुळासकट उपटून गोठ्यावर आडवा झाला होता. गुरं त्याआधीच काढली होती, म्हणून वाचली.

तो फणस बरका, मऊ रसाळ गऱ्यांचा. काप्या फणसाला पाहुणे विचारतात, बरक्याला कोण विचारतं? पण आमच्या घरची फणसपोळी त्याच्याच रसाची. आजी सूप घेऊन त्याच्या बुंध्याशी आठळ्या वेचत बसायची. बाबा त्या आडव्या झाडाकडे पाठ करून बसायचे. वाडीतल्या दोनशे पोफळी गेल्या त्याबद्दल बोलायचे, फणसाबद्दल नाही.

तेव्हा गावोगाव लाकूडतोडे फिरत होते. "सगळं साफ करून नेतो, तुम्हाला काही द्यावं लागणार नाही," असं एकजण म्हणाला. ते लाकूड कुठल्यातरी भट्टीत जाणार हे उघड होतं. मी हो म्हणणार होते, खरं सांगते. गोठ्यावरचं ओझं उतरलं पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. पण आमचे तात्या सुतार पडवीत बसले होते. ते उठले, बुंध्यावर कोयत्याची मूठ दोन-तीनदा आपटली, कान लावला, म्हणाले, "ताई, पोकळ नाही हा. फळ्या काढू. पण मग तीन वर्षं मला टेबल कधी, टेबल कधी विचारायचं नाही."

फांद्या सरपणाला गेल्या. बुंधा कटरने जागच्या जागी चिरला, कारण तो वखारीत न्यायला रस्ताच नव्हता. ओल्या फणसाच्या लाकडाचा चीक असा की कटरची साखळी दर थोड्या वेळाने काढून रॉकेलने पुसावी लागे आणि सगळ्यांच्या हातांना खोबरेल. पण पहिली फळी उघडली तेव्हा मी तिथे होते. आत झगझगीत पिवळं, हळद कालवावी तसं. कडेला सालीलगत दोन बोटं फिकट, दुधी. बाबा पहिल्यांदा उठून जवळ आले.

पाच फळ्या निघाल्या, दोन-दोन इंच जाडीच्या, आठ फूट लांब. कडा तात्यांनी सरळ कापू दिल्या नाहीत. त्यांची जुनी सवय वेगळी: चार बाजू रंध्याने सरळ करायच्या, गुण्या लावायचा. पण मी त्यांना मोबाइलवर काही टेबलांचे फोटो दाखवले होते, झाडाची कड जशीच्या तशी ठेवलेली. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि एवढंच विचारलं, "किडा कोण सांभाळणार?"

प्रश्न अगदी बरोबर होता. किड्याला गाभा नको असतो, सालीलगतचं फिकट लाकूडच हवं असतं, आणि कड राखायची म्हणजे नेमकं तेच घरात ठेवायचं. साल तर ठेवताच येत नाही. लाकूड वाळलं की ती सुटते, आणि तिच्याखाली किड्यांचं घर असतं. तात्यांनी ती पटाशीने न काढता करवंटीच्या कडेने खरवडली, मग काथ्याने घासली, म्हणजे खालच्या लाकडाला ओरखडा नको. टाकणखार आणि बोरिक पावडर कढत पाण्यात विरघळवून दोन हात दिले. तरी एका फळीच्या कडेखाली पिठासारखा भुसा पडायला लागला. तेवढा भाग तासून टाकावा लागला.

फळ्या पडवीत एकावर एक रचल्या, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, म्हणजे वारा खेळतो. दोन्ही टोकांना दरवाजांचा उरलेला ऑइलपेंट फासला, कारण लाकूड टोकांकडून भराभर सुकतं आणि तिथूनच तडकतं. वर जांभ्याचे चार चिरे. एका इंचाला एक वर्ष, हा तात्यांचा हिशोब. शिवाय त्याच झाडाचा एक ठोकळा ते दर अमावास्येला तराजूवर ठेवायचे. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तयार.

मला मात्र धीर नव्हता. आठव्या महिन्यात मी एक फळी पुण्याला नेली. तिथल्या एका कारखान्याने पंधरा दिवसांत चकचकीत करून दिली. लाकूड किती ओलं आहे हे त्यांनी मोजलं नाही, मीही विचारलं नाही. एप्रिलच्या कोरड्या हवेत ती ताटासारखी वाकली आणि एका रात्री टोकापासून हातभर फाटली. तो आवाज मी ऐकला. आजही ती फळी माझ्या गॅलरीत उभी आहे, टाकवत नाही.

त्या तड्यामुळे मी जॉर्ज नाकाशिमांच्या कामापर्यंत पोहोचले. अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे हे कारागीर १९३०च्या दशकात पाँडिचेरीला अरविंद आश्रमात होते. तिथल्या गोलकोंड इमारतीच्या बांधकामावर त्यांनी देखरेख केली आणि श्री अरविंदांकडून सुंदरानंद हे नाव घेतलं. पुढे पेनसिल्व्हेनियात त्यांनी झाडाची कड राखलेली टेबलं केली. तडा ते लपवत नसत. त्यावर डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा आडवा बसवून तो आणखी वाढू देत नसत. आजकाल अशा भेगा निळ्या रेझिनने भरतात, मधून नदी गेल्यासारख्या. ज्यांना आवडतं त्यांनी करावं. मला त्यात झाड दिसेनासं होतं.

टेबल झालं मार्च २०२३ मध्ये. उरलेल्या चार फळ्यांतल्या सगळ्यात रुंद फळीचं. तिलाही एका टोकाला छोटा तडा होता. तात्यांनी त्यावर शिसवीचे दोन डमरू बसवले. पाय गोठ्याच्या मोडलेल्या ऐनाच्या खांबांचे. पायांच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूसाठी लांबट भोकं, कारण पावसाळ्यात फळी फुगणार आणि मे महिन्यात आकसणार, तिला हलायला जागा पाहिजे. वर जवसाचं तेल, पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा.

कडेवरून हात फिरवला की ती सरळ लागत नाही. फणस खोडालाच धरतो, वर्षानुवर्षं त्याच त्याच जागी, आणि तिथे खोड फुगून गाठी येतात. आमच्या टेबलाच्या कडेवर अशा तीन गाठी आहेत. मधली सगळ्यात मोठी. बाबा जेवायला तिच्या समोर बसतात. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हा खालचा. याला फणस लागला की आई मला दोरी धरायला बोलवायची." दोन वर्षं नऊ महिन्यांत त्या झाडाबद्दल ते पहिल्यांदा बोलले.

पिवळा रंग आता उतरतोय. फणसाचं लाकूड उजेडाने हळूहळू तांबूस तपकिरी होत जातं. मी डाग पडू नयेत म्हणून मध्ये विणलेला रुमाल टाकला होता. दिवाळीत तो उचलला, तर खाली अजून पहिल्या दिवसाचा हळदीचा चौकोन. बाबांनी रुमालाची घडी करून कपाटात ठेवली. म्हणाले, "तेवढ्यालाही ऊन लागू दे."