पासिंग संपलेली जुनी गाडी: बयाण्याआधी काय तपासायचं

पद्मिनी, ॲम्बॅसडर, जुनी महिंद्रा जीप, पहिल्या पिढीची मारुती ८००. पुण्यात अशा गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली किंवा गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून अजूनही सापडतात. बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो आणि फ्लोअर ठोकून बघतो. ते नंतर करा. सडलेला पत्रा कापून नवा लावता येतो, इंजिन बांधता येतं, नाना पेठेत चिकाटीने फिरलं तर रबरं आणि ब्रेकचे भागही मिळतात. आरटीओच्या दप्तरात नोंद नसेल, तर मात्र हे सगळं करूनही ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही.

सुरुवात एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून करा. रेकॉर्ड आलं, तर नुसतं मालकाचं नाव बघून थांबू नका, ‘स्टेटस’ वाचा. पासिंग, म्हणजे नोंदणीची मुदत, संपलेलं चालतं, ते वाढवून घेता येतं. ‘एनओसी इश्यूड’ (ना-हरकत दाखला दिला) असेल तर गाडी कधीतरी दुसऱ्या आरटीओकडे जायला निघाली होती आणि तिथे पोचल्याची नोंद झालीच नाही. मग ज्या ऑफिससाठी एनओसी दिली होती, तिथून ‘आमच्याकडे नोंद झालेली नाही’ असं पत्र आणायचं आणि मूळ ऑफिसात एनओसी रद्द करून घ्यायची. म्हणजे पुण्याची, एमएच-१२ ची गाडी साताऱ्याला निघालेली असेल, तर एमएच-११ ला जाणं आलं. नोंदणी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली रद्द झालेली किंवा गाडी स्क्रॅप दाखवलेली असेल, तर ती स्पेअर पार्टसाठीच घ्या आणि भंगाराच्याच भावात घ्या.

रेकॉर्ड आलंच नाही, तरी लगेच नाद सोडू नका. ‘एमएच’ मालिका येण्यापूर्वीच्या, एमने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी नंबरांच्या कितीतरी गाड्या आजही फक्त हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये आहेत. अशी नोंद संगणकावर चढवण्याला बॅकलॉग एंट्री म्हणतात. गाडीची शेवटची नोंद ज्या आरटीओत असेल, त्याच ऑफिसात हे काम होतं. मूळ आरसी (नोंदणी) बुक, चासी नंबरची पेन्सिल छाप आणि निरीक्षकासमोर गाडी, एवढी तयारी ठेवा. हे झाल्याशिवाय ट्रान्सफर होत नाही, पासिंग होत नाही आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना आता सक्तीची असलेली एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटीही बुक होत नाही, कारण बुकिंगच्या वेळी नंबर ‘वाहन’ या सरकारी संगणक-नोंदीशी ताडून बघतात.

आता चासी नंबर. इथे घाई करू नका. बॉनेटखाली रिव्हेट मारलेली ॲल्युमिनियमची छोटी पट्टी असते, ती पुरावा म्हणून कच्ची. चार रिव्हेट काढले की ती दुसऱ्या गाडीवर बसते. रिव्हेट नवे, चकचकीत किंवा पॉप रिव्हेट दिसले, तर शंका घ्या. खरा नंबर पत्र्यात पंच केलेला असतो; मोनोकॉक (वेगळी चासी नसलेल्या) गाड्यांत बहुधा फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, जीपमध्ये चासीच्या पट्टीवर. त्यावर रंगाचे चार-पाच थर आणि रेड ऑक्साइड बसलेलं असतं. पेंट रिमूव्हर लावून थांबा, मग पितळी ब्रशने हलक्या हाताने साफ करा. ग्राइंडर किंवा जाड पॉलिश पेपर तिथे अजिबात लावू नका. अंक उथळ झाले की निरीक्षकाला खाडाखोडीचा संशय येतो आणि काम तिथेच अडतं. थिनरने पुसून कोरडं झालं की पातळ कागद चिकटपट्टीने ताणून लावा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून घासा. दोन छापा घ्या, एक आपल्या फाइलला. अंकांची खोली सारखी आहे का, ओळ सरळ आहे का, आजूबाजूला वेल्डिंगची रेघ किंवा पुट्टी आहे का, हे बोट फिरवून बघा. नंबर असलेला पत्राच बदललेला असेल, तर गाडी कितीही देखणी असली तरी सोडा.

छाप आणि आरसी यांत एका अंकाचा फरक निघतो, हे बऱ्याचदा घडतं. ३ चा ८, शून्याचा ओ. जुन्या रजिस्टरवरून उतरवताना झालेली ही चूक त्या मूळ पानाच्या आधारे दुरुस्त होते. इंजिन नंबर जुळत नसेल, तर प्रकरण वेगळं. पेट्रोल विलीजमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलेल्या जीप आपल्याकडे भरपूर आहेत. बदलाची नोंद आरसीवर असेल तर ठीक. नसेल तर गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ आडवं येतं. इंधनाचा प्रकारच बदललेला आणि नोंद नाही, अशी जीप मी घेऊ नका म्हणेन.

छाप जुळली की नंबर चोरीच्या यादीत नाही ना, हे एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) व्हेइकल एनओसी सेवेत बघून त्याची प्रिंट काढून ठेवा.

विकणारा आणि रेकॉर्डवरचा मालक एकच आहे का? बहुतेक व्यवहार इथेच फसतात. गाडी तीन हात फिरलेली असते, पण नाव पहिल्याच मालकाचं. ‘सह्या केलेले २९-३० नंबरचे (ट्रान्सफरचे) फॉर्म आहेत’ एवढ्यावर पैसे देऊ नका. आरसी हरवली असेल तर डुप्लिकेटसाठी पोलिसांत हरवल्याची नोंद करून फॉर्म २६ रेकॉर्डवरच्या मालकालाच भरावा लागतो, तुम्हाला नाही. मालक वारले असतील तर फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती. आधी गाडी वारसाच्या नावावर, मग तुमच्या. काका गेले आणि पुतण्या गाडी विकतोय, पण काकांची मुलगी परदेशात आहे, तर तिची संमती येईपर्यंत बयाणा देऊ नका. लिलावातल्या गाडीला फॉर्म ३२ आणि लिलावाचा आदेश लागतो, पण गाडी ‘फक्त भंगार’ म्हणून विकलेली नाही ना, हे अटींत वाचा. लष्कराच्या लिलावातून आलेल्या आणि कधीच नोंद न झालेल्या जीपला फॉर्म २१ मधला मूळ विक्री दाखला हवाच. तो गहाळ असेल तर झेरॉक्सवर भरवसा ठेवू नका.

एचपीची, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची, नोंद राहिली असेल तर कर्ज कधीच फिटलेलं असूनही फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र लागतं. बँक बंद झालेली दिसली म्हणून घाबरू नका, ती कोणात विलीन झाली ते शोधा. युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली, तेव्हा पत्र आयडीबीआयकडून मिळवायचं.

खर्चाचं बोलायचं, तर री-पासिंग पाच वर्षांचं मिळतं. १५ ते २० वर्षांच्या मोटारीला ५,००० रुपये, २० वर्षांपुढे ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. उशिराचा दंड महिन्याला ५००, म्हणजे वर्षाला ६,०००. त्यावर पर्यावरण कर. जुन्या गाड्यांचा कर वर्षाच्या हिशोबाने भरला जायचा, त्यामुळे थकबाकी निघू शकते आणि ती चुकती केल्याशिवाय फाइल हलत नाही. हा आकडा काउंटरवर आधी काढून घ्या आणि सौद्यातून वजा करा.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी होते. फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,०००. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सिंहगडाला जायचं असेल, तर साधं पासिंगच वाढवून घ्या.

ट्रान्सफरसाठी खरेदीदाराला ३० दिवस असतात. तेवढ्यात करून टाका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघाताची भरपाई रेकॉर्डवरच्या मालकावर येते, मग गाडी प्रत्यक्षात कोणाच्याही ताब्यात असो. विकणाऱ्याला हे सांगितलं, की सह्यांसाठी तोही आरटीओत यायला तयार होतो.