शांघायमध्ये अडकलेलं सामान

‘एल्ड्रिच हॉरर’ हा सगळ्यांनी मिळून खेळायचा बोर्डगेम खेळताना सगळी शस्त्रं एकाच्या हातात देऊ नका. हे आधीच सांगतो, कारण गेल्या शनिवारी आम्ही नेमकं तेच केलं आणि अर्धी रात्र शांघायमध्ये घालवली.

दादा, वहिनी, ताई आणि मी. समोर शत्रू अझाथोथ, डूम (विनाशाची उलटी मोजणी) पंधरावर. जिंकायला जी रहस्यं सोडवायची, त्यातली पहिली दोन सुटली, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. वहिनींची तपासनीस (म्हणजे खेळातलं पात्र) लिली चेन मारामारीत तरबेज, म्हणून ज्याला जे मिळेल ते ट्रेड करून त्यांच्याकडे. रिव्हॉल्वरचा +2, चाबकाचा +1. फासे टाकायच्या एका चाचणीला बोनस एकच, जो मोठा तोच धरतात. म्हणजे चाबकाचा +1 वायाच जात होता, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही!

मग शांघायमध्ये लिली पडली. डूम एक घर पुढे सरकला. वहिनींनी मिथोस फेज (फेरीचा शेवटचा टप्पा) संपताना नवा तपासनीस घेतला, पण रिव्हॉल्वर, चाबूक, जमवलेले क्लू, सगळं शांघायमध्येच राहिलं.

मी टोकियोत होतो. म्हटलं, जातो आणि घेऊन येतो.

तसं होत नाही. पडलेल्या तपासनीसाचं सामान एन्काउंटर फेजमध्ये, म्हणजे उभ्या जागी काय घडतं ते ठरतं त्या टप्प्यात, मिळतं, पण त्या जागी राक्षस असला तर आधी त्याच्याशी झुंज. तो मेला तरच पुढचा एन्काउंटर. माझा राक्षस मेला नाही. पाच-सहा आले तर यश, आणि माझ्या फाशांना एक-दोनच दिसत होते. पुढच्या फेरीत जखमा भराव्यात म्हटलं, तर राक्षस असलेल्या जागी विश्रांती घेता येत नाही. दुकानातून काही घ्यावं, तर तेही नाही. तीन फेऱ्या मी तिथेच, हातात काही नाही, आणि लिलीच्या पात्राचा पुठ्ठा डोळ्यांसमोर उभा. दर फेरीला मिथोसचं नवं कार्ड. चिडचिड इतकी झाली की ताईने चहा ठेवला.

चहा घेता घेता ताई म्हणाली, “अरे, राक्षसाला झालेली इजा तशीच राहते ना? मग एकट्याने कशाला मारायचा?”

तिथे अडलेली गाडी पुढे सरकली. ताई शांघायला आली. आणखी एक गोष्ट, जी आधीच लिहायला हवी होती: मिथोस फेजच्या शेवटी प्रमुख तपासनीसाचं चिन्ह हवं त्याला देता येतं, आणि एन्काउंटर त्याच्यापासून सुरू होतात. चिन्ह ताईकडे दिलं. तिने आधी मारलं, राक्षसाची एकच जीवनखूण उरली. मग मी. दोन फासे, त्यातला एक सहा!

लिलीचा पुठ्ठा उलटला, मागचा मजकूर वहिनींनीच मोठ्याने वाचला. सामान माझ्याकडे आलं. रिव्हॉल्वर मी ठेवलं, चाबूक लगेच ताईला द्यायला निघालो, तर दादा म्हणाला, “थांब, ट्रेड पुढच्या फेरीत.” ट्रेड ही कृती आहे, एन्काउंटरमध्ये चालत नाही.

पुढच्या फेरीची पहिली कृती तीच केली. घड्याळात दीड वाजला होता.