नारिंगी पाठीची पुस्तकं: सातव्या महिन्याची नोंद

आज कपाटात अकरा पुस्तकं उभी आहेत. यादी सतरांची आहे. ही सतरा म्हणजे नैरोबीत शाळेत असताना मी वाचलेल्या आणि १९८७ साली आम्ही पुण्याला परत आलो तेव्हा सामानाच्या वजनामुळे मागे राहिलेल्या आफ्रिकन कादंबऱ्या. मे २०२५ मध्ये केनियाचे कादंबरीकार न्गुगी वा थियोंगो गेल्याची बातमी आली. त्या रात्री झोप येईना, तेव्हा उठून आठवतील तशी नावं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढली. ठरवलं ते एवढंच: ज्या आवृत्तीत वाचलं होतं तीच आवृत्ती मिळवायची, मिळालेलं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायचं आणि वाचून झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. अकरांपैकी नऊ वाचून झाली.

नव्याने शोधायला लागलेल्यांसाठी थोडं सांगते. हाइनमन या ब्रिटिश प्रकाशनाची 'आफ्रिकन रायटर्स सीरिज' १९६२ साली चार पुस्तकांनी सुरू झाली. पहिला क्रमांक नायजेरियाचे लेखक चिनुआ अचेबे यांच्या 'थिंग्ज फॉल अपार्ट'चा. ती कादंबरी १९५८ सालीच कापडी बांधणीत आली होती, पण आफ्रिकेतल्या शाळकरी मुलांच्या हातात पडली ती या स्वस्त कागदी आवृत्तीमुळे. पहिली दहा वर्षं मालिकेचे संपादक म्हणून अचेबेच काम पाहत होते. दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचण्यात त्यांनी आपला किती वेळ घातला असेल, याचा विचार आला की मला त्या क्रमांकांकडे बघतानाही आदर वाटतो. कादंबऱ्यांना नारिंगी रंग, मागच्या पानावर लेखकाचा फोटो. विक्रेता फोटो पाठवतो तेव्हा मुखपृष्ठापेक्षा आधी मी नावाच्या पानामागचं पान मागते. कितवं पुनर्मुद्रण आणि कुठल्या साली, ते तिथे छापलेलं असतं. मुखपृष्ठं वेळोवेळी बदलली, त्यामुळे केवळ 'जुनी प्रत' या शब्दावर पैसे पाठवू नका.

माझ्या अकरांतली सहा नैरोबीहूनच आली. शाळेतली एक मैत्रीण अजून तिथे आहे. फुटपाथवर पथारी टाकून जुनी पुस्तकं विकतात त्याला तिकडे 'इनामा' म्हणतात. स्वाहिलीत इनामा म्हणजे वाक. पुस्तक हवं तर वाकावं लागतं! तिने टॉम म्बोया स्ट्रीटच्या आसपास वाकून वाकून ही सहा जमवली आणि पुण्याला येणाऱ्या ओळखीच्यांबरोबर दोन-दोन करून पाठवली. तीन मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर सापडली, दोन इंग्लंडहून मागवावी लागली.

ऑगस्टमध्ये पुण्याच्या दमट हवेने घोळ घातला. ही पुस्तकं शिवलेली नाहीत, पानं पाठीला नुसती चिकटवलेली आहेत. इतक्या वर्षांत तो गोंद काचेसारखा कडक होतो आणि पुस्तक पूर्ण उघडलं की मधूनच तडकतो. अचेबेंच्या 'ॲरो ऑफ गॉड'ची पहिली बत्तीस पानं माझ्या हातातच सुटून आली. स्वतः काही केलं नाही, नेहमीच्या बांधणीवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी जुना गोंद खरवडून काढला, पाठीला पातळ कागदाची पट्टी लावली आणि मूळ मुखपृष्ठ परत चढवलं. नवा पुठ्ठा घालू नका, हे मला तीनदा सांगावं लागलं. आता खालच्या कप्प्यात वाळवलेला कडुलिंबाचा पाला आहे आणि महिन्यातून एकदा सगळी पुस्तकं पंख्याखाली उभी करून ठेवते. कसर अजून तरी लागलेली नाही.

वाचनाकडे येते.

'थिंग्ज फॉल अपार्ट' पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याचा नायक ओकोन्क्वो याचे याम म्हणजे रताळी, असं मी धरून चालले होते. त्यामुळे एवढा धिप्पाड पैलवान रताळ्यांसाठी एवढा जीव का टाकतो, हे काही केल्या कळत नव्हतं. आता कळलं की याम हे आपल्या कोनफळाच्या कुळातलं. वेल आधाराने वर चढतो, कंद खोल जातो, आणि तो काढायचा तर खणणाऱ्याच्या कमरेचा कस लागतो. कोकणात कोनफळ खणताना पाहिलेल्या कुणालाही ती पानं वेगळीच वाचता येतील. बियाण्याचे कंद उसने मागायला ओकोन्क्वो जातो तो प्रसंग मी या वेळी दोनदा वाचला. बापाकडून ना कोठार मिळालेलं, ना मानाची पदवी. उसने कंद लावले त्या वर्षी आधी दुष्काळ आणि मग अतिवृष्टी. हे आपल्याकडच्या कुठल्याही गावात घडलं असतं.

कोला फळाचंही तसंच. पाहुणा आला की आधी कोला पुढे करायचं, मग ते कुणी फोडायचं यावर दोघांनी एकमेकांना आग्रह करायचा, आणि मग कामाचं बोलणं. आमच्या घरी आजोबांसमोर पानाचं तबक असंच सरकायचं. लहानपणी ही पानं मी भराभर उलटत असे, कारण पुढे काय होतं हे हवं असायचं. आता वाटतं, कादंबरी तिथेच आहे. पुढे जे मोडतं ते नेमकं काय होतं, हे त्या तबकाशेजारी बसल्याशिवाय समजत नाही. आणि ओकोन्क्वोच्या घरी ओलीस म्हणून राहिलेल्या मुलाचा, इकेमेफुनाचा मृत्यू? तो प्रसंग वाचणं तेव्हाही सोसलं नव्हतं, आताही सोसलं नाही. पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

सेम्बेन उस्मान यांचं 'गॉड्स बिट्स ऑफ वुड' मिळालं सप्टेंबरात. १९४७-४८ मधला पश्चिम आफ्रिकेतल्या डाकार-नायजर रेल्वेचा संप हा त्याचा विषय. मूळ फ्रेंच कादंबरी १९६० सालची. आमचे आजोबा केनियात रेल्वेत कारकून होते, म्हणून बाबांनी हे पुस्तक आवर्जून हातात दिलं होतं. तेव्हा मला त्यातल्या माणसांची गर्दी झेपली नव्हती. आता कागदावर शहरांप्रमाणे नावं लिहून घेतली, थिएसची एका बाजूला, बामाकोची दुसऱ्या आणि डाकारची तिसऱ्या, आणि वाचन एकदम सुरळीत झालं. ज्यांनी हे पुस्तक अर्ध्यावर सोडलं असेल त्यांनी हा उपाय जरूर करावा. थिएसहून डाकारकडे निघालेला बायकांचा मोर्चा मालिकेतल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा थोर आहे, असं माझं मत झालं आहे. शीर्षकाचा अर्थही आता उमगला. जिवंत माणसं मोजली तर त्यांना दृष्ट लागते, आयुष्य घटतं, म्हणून माणसं न म्हणता देवाची लाकडं म्हणून मोजायचं. निघताना 'जाते' न म्हणता 'येते' म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, फक्त लक्ष द्यायला हवं होतं.

शाळेत आम्ही मॅकमिलनच्या 'पेससेटर्स' मालिकेतल्या बारक्या कादंबऱ्याही दप्तरात लपवून फिरवत असू. चोर, पोलीस, प्रेमं, पैशाच्या बॅगा. त्यातली एक मिळाली. एका संध्याकाळी संपली आणि मनात फार काही राहिलं नाही. ती यादीतून काढणार नाही, कारण वाचनाचा वेग मला त्यांनीच दिला.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला बसले ते पुस्तक. न्गुगींचं 'वीप नॉट, चाइल्ड', मालिकेतला क्रमांक ७, सन १९६४. माझ्या प्रतीवर लेखकाचं नाव जेम्स न्गुगी असं आहे. हे नाव त्यांनी पुढे टाकलं, आणि कादंबरीसाठी इंग्रजीही सोडून आपल्या मातृभाषेत, गिकुयूत लिहायला लागले. गिकुयूतली पहिली कादंबरी त्यांनी केनियातल्या कामिती तुरुंगात शौचालयाच्या कागदावर लिहिली. पण हे पुस्तक त्या सगळ्याच्या आधीचं, कंपालाच्या मकेरेरे कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने लिहिलेलं.

मी ते वाचलं ऑगस्ट १९८२ मध्ये. १ ऑगस्टला, रविवारी पहाटे, हवाई दलातल्या काही सैनिकांनी बंड केलं आणि रेडिओ ताब्यात घेतला. बंड त्याच दिवशी मोडलं, पण शहरात लुटालूट झाली आणि भारतीयांच्या दुकानांना तिची मोठी झळ बसली. आम्ही न्गारा भागात दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. खालच्या गुजराती काकांचं कापडाचं दुकान फुटलं, तो पत्र्याचा आवाज अजून कानात आहे. मग संचारबंदी. बाबांनी पडदे ओढून घेतले, आई डाळ-तांदूळ मोजून काढायची. शेजारच्या, विद्यापीठात शिकणाऱ्या दादाने वेळ जावा म्हणून मला हे पुस्तक दिलं. मी अकरा वर्षांची. पुस्तकातही संचारबंदी होती, १९५२ नंतरच्या, ब्रिटिश राजवटीतल्या आणीबाणीतली, आणि बाहेरही.

पहिल्याच पानांवर आई न्जोरोगेला विचारते, शाळेत जायला आवडेल का? दुपारचं जेवण मिळणार नाही, हेही सांगून टाकते. त्या मुलाला शाळेचं जे वेड आहे ते मला इतकं आपलं वाटलं की पुढची त्रेचाळीस वर्षं ते पुस्तक आठवताना मी मनाने न्जोरोगेच असायचे. त्याचे वडील न्गोथो ज्या जमिनीवर गोऱ्या मालकाकडे राबतात ती मुळात त्यांच्याच पूर्वजांची, हे मी आईला जेवताना सांगितलेलंही आठवतं.

गेल्या महिन्यात पुन्हा वाचायला घेतलं आणि सुरुवातीच्या प्रकरणातच थांबले. न्जोरोगे आईबरोबर भारतीय दुकानदारांच्या वस्तीत गेलेला असताना एक लहान भारतीय मुलगा त्याला गोळी देतो. न्जोरोगे ती तोंडात टाकणार इतक्यात आई पाहते आणि रागावते: दिवसभर काही खाल्लं नाहीस का? तो ती गोळी फेकून देतो.

हा प्रसंग मला अजिबात आठवत नव्हता. पुसटसाही नाही. न्गाऱ्यात पडद्याआड बसून, खालचं भारतीय दुकान फुटलेलं असताना, मी हे पान वाचून पुढे गेले होते. त्या पानावर आमच्यासारखं दिसणारं कुणी असेल तर तो हा मुलगा होता, आणि मला तो दिसलाच नाही.

मी ते पान आईला वाचून दाखवलं. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. ऐकून थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अगं, तूही द्यायचीस की. धुण्याला यायच्या त्या मामांच्या मुलाला. चिक्की." स्वाहिलीत मामा म्हणजे आई, आणि घरी कामाला येणाऱ्या बाईंना आम्ही तसंच म्हणायचो. मी विचारलं, तो खायचा का? आई म्हणाली, "आपल्या समोर कधी नाही. मुठीत धरून जिना उतरायचा."

मी त्याचं नाव विचारलं. आईला आठवलं नाही. मामांचं नावही आठवलं नाही. चिक्की तिळाची असायची, एवढं मात्र तिने सांगितलं.

तेव्हापासून वाचायची पद्धत बदलली आहे. उरलेल्या पुस्तकांत भारतीय माणूस कुठे येतो, दाराशी, गल्ल्यामागे, एका वाक्यापुरता, हे पेन्सिलीने वहीत टिपते आहे. पुस्तकावर खूण करत नाही. 'वीप नॉट, चाइल्ड' संपूर्ण पुन्हा वाचलं, या वेळी दुकानांवर नजर ठेवून. आता न्गुगींचंच 'अ ग्रेन ऑफ व्हीट' घेतलं आहे आणि निम्म्यावर आले आहे. त्यातल्या मुगोचं मौन मला लहानपणी कंटाळवाणं वाटलं होतं, आता त्याच्या प्रत्येक न बोललेल्या वाक्याशी थांबावं लागतं.

यामुळे यादीत एक पुस्तक वाढलं, जे मी लहानपणी वाचलेलं नाही. पीटर नाझारेथ यांचं 'इन अ ब्राउन मँटल', १९७२. नाझारेथ गोव्याच्या घराण्यातले, जन्म कंपालाचा. गोवेकर नायकाच्या तोंडून सांगितलेल्या या कादंबरीत पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांवर काय ओढवणार याची चाहूल आहे, आणि ती आली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं. ते नैरोबीत छापलेलं आहे, हाइनमनच्या मालिकेत नाही, त्यामुळे पाठ नारिंगी नसेल. तरी कपाटात त्याची जागा 'वीप नॉट, चाइल्ड'च्या शेजारीच ठेवली आहे. मडगाव-पणजीकडे कुणाच्या घरी जुनी प्रत असेल तर विकत नको, वाचायला दिली तरी चालेल. स्वतः येऊन घेऊन जाईन आणि स्वतः परत आणून देईन.

मूळ यादीतली अजून न सापडलेली सहा: एलेची अमादींची 'द कॉन्क्युबाइन', बेसी हेडची 'मारू', मेजा म्वांगींची 'गोइंग डाउन रिव्हर रोड', फ्लोरा न्वापांची 'एफुरू', मोंगो बेटींची 'मिशन टू काला' आणि मारियामा बा यांची 'सो लाँग अ लेटर'. शेवटची नवीन आवृत्तीत सहज मिळते, पण मला हाइनमनचीच हवी आहे.

माझ्याकडे फर्दिनांद ओयोनो यांच्या 'हाउसबॉय'च्या दोन प्रती झाल्या आहेत. एकीचं मागचं पान नाही, मजकूर पूर्ण आहे. ती बदल्यात द्यायला तयार आहे. 'एफुरू' असेल तर दोन्ही देईन.